वस्तूवर कोणती बले लागत आहेत हे कसे ओळखावे आणि कसे मोजावे

टेबलावर ठेवलेल्या पुस्तकावर कोणती बले कार्य करतात असे विचारले, की बहुतेक जण ‘गुरुत्वाकर्षण’ एवढे सांगून थांबतात. पुस्तक हलतच नाही, मग दुसरे बल कशाला, असा त्यामागचा विचार असतो. वर फेकलेल्या चेंडूबाबत याच्या उलट गफलत होते. चेंडू अजून वर जातो आहे म्हणजे हाताने दिलेला जोर त्याच्यात शिल्लक असणार आणि तो संपला की चेंडू खाली येणार, असे गृहीत धरले जाते. एका ठिकाणी असलेले बल मोजायचे राहून जाते आणि दुसऱ्या ठिकाणी नसलेले बल हिशेबात शिरते.

दोन्ही चुका एकाच नियमाने टळतात. बल म्हणजे एका वस्तूने दुसरीला ढकलणे किंवा ओढणे. म्हणून प्रत्येक बलाला एक देणारा आणि एक घेणारा असतोच. देणाऱ्या वस्तूचे नाव सांगता येत नसेल, तर ते बल यादीत लिहू नये. पुढची सगळी पद्धत या नियमावर उभी आहे.

साहित्य आणि एकके

प्रयोगांसाठी १ ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल वजनकाटा, सामान तोलण्याचा हुकाचा काटा, माणसाचे वजन करण्याचा काटा, एक सरळ गुळगुळीत फळी, मोजपट्टी, दोरा, पाण्याचा ग्लास आणि मुठीत मावेल एवढा दगड पुरेसा आहे.

बलाचे एकक न्यूटन आहे. १ किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदामागे १ मीटरने वाढवण्यासाठी लागणारे बल म्हणजे १ न्यूटन. पृथ्वी १ किलोग्रॅमच्या वस्तूला सुमारे ९.८ न्यूटन बलाने खाली ओढते, म्हणजे १०० ग्रॅमची वस्तू तळहातावर ठेवली तर हाताला जवळपास १ न्यूटनचा भार जाणवतो. अंदाज बांधण्यासाठी एवढे लक्षात ठेवले तरी काम भागते.

वजनकाट्याबद्दल एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. काट्याला वस्तुमान कळत नाही. आपल्या ताटलीवर किती जोर पडतो आहे एवढेच त्याला कळते आणि त्या जोराला ९.८ ने भागून आलेला आकडा तो किलोग्रॅम म्हणून दाखवतो. म्हणून काट्यावरचा आकडा न्यूटनमध्ये हवा असेल, तर त्याला पुन्हा ९.८ ने गुणावे. पुढे लिफ्टच्या आणि पाण्याच्या प्रयोगांत काटा ‘चुकीचे’ आकडे दाखवताना दिसेल. प्रत्यक्षात तो त्याच्यावर पडलेला जोर बरोबरच सांगत असतो.

पायरी पहिली: एक वस्तू निवडून तिच्याभोवती रेषा काढणे

कोणत्या वस्तूवरची बले शोधायची आहेत हे आधी ठरवावे आणि कागदावर त्या वस्तूभोवती एक बंद रेषा काढावी. ही पायरी किरकोळ वाटते, म्हणून ती सर्रास गाळली जाते आणि निम्म्याहून अधिक गोंधळ तिथेच सुरू होतो.

चाकांच्या ट्रॉलीवर एक बॅग ठेवली आहे आणि ट्रॉलीला ढकलून वेग दिला जात आहे, असे समजा. रेषा फक्त बॅगेभोवती काढली, तर हाताचे बल यादीत येत नाही, कारण हात बॅगेला शिवलेलाच नाही. बॅगेला पुढे नेते ते ट्रॉलीच्या पृष्ठभागाचे घर्षण. रेषा बॅग आणि ट्रॉली या दोन्हींभोवती मिळून काढली, तर हाताचे बल यादीत येते आणि त्या दोघांमधले घर्षण रेषेच्या आतले म्हणून गळते. दोन्ही याद्या बरोबर आहेत, पण दोन्हींतली बले एका आकृतीत मिसळली की उत्तर चुकते. ट्रॉलीला एकदम जोरात धक्का दिला तर बॅग मागे का घसरते, हे पहिल्या यादीवरून लगेच कळते: बॅगेला तेवढ्या झपाट्याने पुढे नेण्याइतके घर्षण ट्रॉली देऊ शकली नाही.

पायरी दुसरी: स्पर्शाविना लागणारी बले

रोजच्या व्यवहारात स्पर्श न करता लागणारे मुख्य बल एकच, ते म्हणजे गुरुत्वाकर्षण. चुंबक किंवा घासून विद्युतभारित झालेला कंगवा जवळपास असेल तर त्यांची बले वेगळी लिहावीत, अन्यथा नाही. गुरुत्वाकर्षणासाठी वस्तूच्या गुरुत्वमध्यापासून सरळ खाली एक बाण काढावा आणि त्याच्याजवळ वस्तुमान गुणिले ९.८ असा आकडा लिहावा. विषुववृत्ताजवळ हा ९.८ चा आकडा सुमारे ९.७८ आणि ध्रुवांजवळ सुमारे ९.८३ असतो, घरगुती मोजणीत या फरकाची दखल घेण्याचे कारण नाही. चंद्रावर तोच आकडा १.६२ आहे. त्यामुळे ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन पृथ्वीवर ५८८ न्यूटन, तर चंद्रावर सुमारे ९७ न्यूटन भरते. त्याचे वस्तुमान मात्र दोन्हीकडे ६० किलोग्रॅमच राहते.

पायरी तिसरी: रेषेवरून बोट फिरवणे

आता काढलेल्या रेषेवरून बोट फिरवत जावे आणि वस्तूला दुसरे काही जिथे शिवते तिथे थांबावे. उरलेली सगळी बले याच जागांवर असतात.

पृष्ठभागाचा स्पर्श असेल तर दोन बले संभवतात. एक पृष्ठभागाला काटकोनात असते आणि ते फक्त ढकलू शकते. त्याला आपण आधारबल म्हणू, पाठ्यपुस्तकांत ते अभिलंब बल या नावाने येते. दुसरे पृष्ठभागाच्या कडेकडेने असते, ते घर्षण. दोरी वस्तूला स्वतःच्या दिशेने फक्त ओढू शकते, कधीच ढकलू शकत नाही. स्प्रिंग दोन्ही करते. पाणी किंवा हवा वस्तूला सगळीकडून वेढत असेल, तर तिचा दाब वस्तूवर सगळ्या बाजूंनी पडतो आणि वस्तू हलत असेल तर विरोधही होतो.

निर्जीव टेबल पुस्तकाला ‘ढकलते’ हे अनेकांच्या पचनी पडत नाही. जाड गादीवर पुस्तक ठेवले की गादी दबलेली दिसते आणि दबलेली गादी परत वर येऊ पाहते, हे सहज पटते. टेबलाचे लाकूडही तसेच दबते, फक्त ते दबणे डोळ्यांना दिसण्याइतके नसते. पुस्तकाच्या वजनाएवढे बल परत मिळेपर्यंत लाकूड दबते आणि तिथे थांबते. म्हणूनच आधारबल नेमके गरजेइतकेच असते. वजन वाढले की ते वाढते, आणि टेबलाची ताकद संपली की फळी मोडते.

याच पद्धतीने चेंडू तपासावा. हातातून सुटल्यानंतर चेंडूभोवतीच्या रेषेवरून बोट फिरवले, तर हवेखेरीज कशाचाही स्पर्श आढळत नाही. म्हणजे यादीत गुरुत्वाकर्षण आणि हवेचा थोडासा विरोध, बस्स. हाताने चेंडूला वेग दिला. बल हात सुटताच संपले. अगदी वरच्या टोकाला चेंडूचा वेग क्षणभर शून्य होतो, पण गुरुत्वाकर्षण तिथेही पूर्ण असते. ते नसते तर चेंडू तिथेच अधांतरी राहिला असता.

पायरी चौथी: बाणांची बेरीज आणि हालचालीशी पडताळा

सगळे बाण काढून झाले की दिशेसकट त्यांची बेरीज करावी. या बेरजेला वस्तुमानाने भागले की वस्तूचे त्वरण, म्हणजे तिचा वेग बदलण्याचा दर, मिळतो. हा नियम न्यूटन यांनी १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे: बेरीज शून्य याचा अर्थ वस्तू थांबलेली आहे असा नव्हे. वस्तूचा वेग बदलत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जमिनीवरून खोके एकसारख्या वेगाने सरकवत नेताना ढकलणारे बल घर्षणापेक्षा ‘थोडे जास्त’ असावे लागते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते घर्षणाइतकेच असते. जास्त लागते ते खोके हलवायला सुरुवात करताना.

हा पडताळा लिफ्टमध्ये उत्तम घेता येतो. माणसाच्या वजनाचा काटा लिफ्टमध्ये ठेवून त्यावर स्थिर उभे राहावे आणि लिफ्ट सुटताना, मधल्या टप्प्यात व थांबताना आकडा पाहावा. काट्यावर उभ्या असलेल्या ६० किलोग्रॅमच्या माणसावर दोनच बले आहेत: खाली ५८८ न्यूटनचे गुरुत्वाकर्षण आणि वर काट्याचे आधारबल. लिफ्ट वर निघताना तिचे त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर वरचे बल खालच्यापेक्षा ६० न्यूटनने जास्त, म्हणजे ६४८ न्यूटन असायला हवे. काटा त्याला ९.८ ने भागून सुमारे ६६ किलोग्रॅम दाखवतो. मधल्या टप्प्यात वेग कायम राहिला की आकडा ६० वर येतो, लिफ्ट कितीही वेगाने चालली असली तरी. वरच्या मजल्यावर थांबताना तो सुमारे ५४ पर्यंत उतरतो. वर जाणारी लिफ्ट वेग कमी करत असताना आणि खाली जाणारी लिफ्ट सुटताना काट्याच्या दृष्टीने काहीच फरक नसतो, कारण दोन्ही वेळी त्वरण खालच्या दिशेने असते. लिफ्ट जाते कुठे हे महत्त्वाचे नाही. तिचा वेग कोणत्या दिशेने बदलतो ते महत्त्वाचे. आकडा झरझर बदलतो, त्यामुळे मोबाइलवर काट्याचे चित्रीकरण करून नंतर सावकाश पाहणे सोयीचे ठरते.

जोडीची बले ओळखणे

क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात हे वाक्य सर्वांना पाठ असते आणि बहुधा चुकीच्या जागी वापरले जाते. पुस्तकाचे वजन ही क्रिया आणि टेबलाचे आधारबल ही तिची प्रतिक्रिया, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ते चूक आहे. जोडीतली दोन बले कधीही एकाच वस्तूवर लागत नाहीत. बलाची जोडी शोधायची असेल तर देणारा आणि घेणारा यांची नावे फक्त अदलाबदल करावीत. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते. याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढते. टेबल पुस्तकाला वर ढकलते. याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली ढकलते. नावे अदलून तयार झालेले वाक्य त्याच जातीच्या बलाचे असते: ओढीची जोडी ओढ, स्पर्शाच्या बलाची जोडी स्पर्शाचेच बल.

वजन आणि आधारबल टेबलावर समान असतात, कारण तिथे त्वरण शून्य आहे. लिफ्टमध्ये ते ५८८ आणि ६४८ असे वेगवेगळे होतात. क्रिया-प्रतिक्रियेची खरी जोडी अशी कधीच फुटत नाही.

खरी जोडी काट्यावर पाहायची असेल तर पुढील प्रयोग करावा. माझ्या मते घरी करता येणाऱ्या बलाच्या प्रयोगांत याच्या तोडीचा दुसरा नाही. पाऊण भरलेला ग्लास डिजिटल काट्यावर ठेवावा आणि काटा शून्यावर आणावा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने लोंबता धरावा. तो तळाला किंवा कडेला लागता कामा नये आणि त्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले असू नयेत. दगडाचा भार हातावर असूनही काट्याचा आकडा वाढलेला दिसेल. समजा, तो ५० ग्रॅम आला. आता दोरा सैल सोडून दगड तळाला टेकू द्यावा. आकडा दगडाच्या पूर्ण वस्तुमानाएवढा, समजा १३० ग्रॅम होईल.

पहिल्या आकड्याचा अर्थ असा. पाणी दगडाला वर ढकलते, म्हणून दगड पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतो आणि ते बल पाण्यातून, ग्लासातून काट्यापर्यंत पोहोचते. हे बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढे असते, हे आर्किमिडीजचे तत्त्व. ५० ग्रॅम पाण्याचे आकारमान ५० घन सेंटिमीटर, म्हणून दगडाचेही आकारमान ५० घन सेंटिमीटर. १३० ला ५० ने भागले की दगडाची घनता २.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर मिळते; ग्रॅनाइटची घनता साधारण २.६ ते २.७ या दरम्यान असते. दगड लोंबत असताना दोऱ्याला १३० ऐवजी ८० ग्रॅमचाच भार पेलावा लागत होता, आणि ८० व ५० मिळून पुन्हा १३० होतात. बलाचा एक कणही कुठे हरवत नाही.

वस्तू तरंगत असेल तर पाण्याचे वर ढकलणारे बल तिच्या पूर्ण वजनाएवढे असते. बर्फाची घनता ०.९१७ असल्याने गोड्या पाण्यात त्याचा सुमारे ९२ टक्के भाग पाण्याखाली राहतो.

घर्षण मोजणे

घर्षणाला ठरावीक किंमत असते, हा आणखी एक गैरसमज. स्थिर वस्तूवरचे घर्षण गरजेपुरते उभे राहते आणि त्याला एक कमाल मर्यादा असते. ही मर्यादा म्हणजे आधारबल गुणिले घर्षणांक. घर्षणांक म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरायला किती अडतात हे सांगणारा आकडा. १ किलोग्रॅमचे पुस्तक आणि ०.४ घर्षणांक असेल तर मर्यादा सुमारे ३.९ न्यूटन आहे. पण पुस्तकाला कोणीच ढकलत नसेल तर घर्षण शून्य असते, आणि २ न्यूटनने ढकलले तर ते २ न्यूटनच असते. मर्यादा ओलांडली की वस्तू घसरू लागते आणि मग घर्षण बहुधा थोडे कमी होते. जड वस्तू एकदा सुटली की हिसका बसतो तो यामुळे.

घर्षणांक मोजण्यासाठी फळीवर वस्तू ठेवून फळीचे एक टोक अतिशय सावकाश उचलत न्यावे. वस्तू घसरू लागेल त्या क्षणी फळी तशीच रोखून उचललेल्या टोकाची उंची आणि जमिनीवरचे आडवे अंतर मोजावे. उंचीला आडव्या अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. उंची ४० आणि आडवे अंतर ९० सेंटिमीटर असेल तर तो सुमारे ०.४४ आहे. वस्तूवर आणखी एक जड वस्तू ठेवून प्रयोग पुन्हा केला तरी जवळपास तोच कोन येतो, आणि वस्तू रुंद बाजूवर ठेवली काय किंवा तशाच गुळगुळीत अरुंद बाजूवर ठेवली काय, फारसा फरक पडत नाही. घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आमाँतां यांनी १६९९ साली मांडले आणि त्यांच्याच देशातल्या कुलोम यांनी १७८५ साली त्याचा अधिक तपशिलात अभ्यास केला.

घर्षण नेहमी हालचालीच्या विरुद्ध असते हेही खरे नाही. चालताना पाऊल जमिनीला मागे रेटते आणि जमिनीचे घर्षण पावलाला पुढे ढकलते. ओल्या गुळगुळीत फरशीवर हे पुढचे बल कमी पडते, म्हणून पाय मागे सटकतो. घर्षण विरोध करते ते दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरण्याला.

या माहितीचा लगेच उपयोग होतो तो जड सामान हलवताना. ४० किलोग्रॅमचे खोके आणि ०.४ घर्षणांक असेल तर आडव्या दिशेने ढकलायला सुमारे १५७ न्यूटन लागतात. दोरी बांधून २० अंश वरच्या दिशेने ओढले तर बलाचा काही भाग खोक्याला उचलतो, आधारबल घटते आणि १४६ न्यूटन पुरतात. वाकून २० अंश खालच्या दिशेने ढकलले तर मात्र बलाचा काही भाग खोक्याला जमिनीत दाबतो आणि १९५ न्यूटन खर्ची पडतात. खोके तेच, जमीन तीच. पन्नास न्यूटनचा फरक केवळ दिशेचा आहे. म्हणून जमले तर ओढावे, आणि ढकलायचेच असेल तर गुडघे वाकवून हात खोक्याच्या मध्याजवळ, आडव्या रेषेत ठेवावेत.

उंच कपाट ढकलताना दुसरा धोका असतो. वरून ढकलले तर ते सरकण्याऐवजी उलटते. ज्या दिशेने ढकलायचे त्या दिशेतली कपाटाची निम्मी रुंदी घ्यावी आणि तिला घर्षणांकाने भागावे. आलेल्या उंचीच्या खाली हात ठेवला तर कपाट सरकते, वर ठेवला तर कलंडते. ६० सेंटिमीटर खोलीच्या कपाटाला समोरून ढकलताना, घर्षणांक ०.४ असेल तर ही उंची ३० भागिले ०.४, म्हणजे ७५ सेंटिमीटर येते. खडबडीत जमिनीवर घर्षणांक वाढतो आणि ही सुरक्षित उंची आणखी खाली उतरते. कपाटाचा भार सर्वत्र सारखा वाटलेला आहे असे हा हिशेब धरून चालतो. एका बाजूला जड वस्तू भरलेल्या असतील तर आधी ते रिकामे करावे.

भिंतीला टेकवलेली शिडी

शिडीचे उदाहरण जरा सविस्तर घेतले पाहिजे, कारण येथे चूक झाली तर हाडे मोडतात. शिडीवर वजनाखेरीज तीन बले लागतात: जमिनीचे वरच्या दिशेचे आधारबल, भिंतीचे आडवे ढकलणे आणि जमिनीचे घर्षण. भिंत शिडीला आपल्यापासून दूर ढकलते आणि शिडीचा पाय निसटू नये म्हणून जमिनीच्या घर्षणाला तेवढेच बल उलट दिशेने द्यावे लागते. भिंत गुळगुळीत धरली आणि शिडीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवले, तर लागणारे घर्षण चढणाऱ्याच्या वजनाच्या प्रमाणात असे मोजता येते: पायाचे भिंतीपासूनचे अंतर भागिले शिडीच्या वरच्या टोकाची उंची, आणि त्याला माणूस शिडीच्या कितव्या हिश्श्यापर्यंत चढला आहे त्याने गुणावे.

टोक ४ मीटर उंचीवर आणि पाय भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर मध्यावर असताना वजनाच्या १२.५ टक्के आणि अगदी वर पोहोचल्यावर २५ टक्के घर्षण लागते. पाय २ मीटरवर ठेवला तर वर पोहोचल्यावर ५० टक्के लागते, आणि धुळीच्या किंवा ओल्या फरशीवर तेवढे मिळेलच याची खात्री नसते. म्हणूनच चार मापे उंचीला एक माप अंतर ठेवावे, असा शिडीचा सर्वमान्य नियम आहे. खालच्या पायऱ्यांवर उभे राहून शिडी हलवून पाहणे ही परीक्षा मुळीच पुरेशी नाही. शिडी निसटण्याचा धोका माणूस वर गेल्यावर वाढतो, हे वरच्या आकड्यांतून दिसतेच.

ताणलेली दोरी

दोन खुंट्यांमध्ये आडवी बांधलेली दोरी जितकी ताठ, तितकी भक्कम, असे वाटते. खुंट्या ४ मीटर अंतरावर आहेत आणि मधोमध २ किलोग्रॅमची वस्तू टांगली आहे असे समजा. दोरी मध्ये १० सेंटिमीटर झुकली असेल तर तिच्यातला ताण सुमारे १९६ न्यूटन असतो, म्हणजे वस्तूच्या वजनाच्या दहापट. ४० सेंटिमीटर झुकू दिली तर तोच ताण ५० न्यूटनवर येतो. दोरी वस्तूला फक्त स्वतःच्या दिशेने ओढू शकते; ती जवळजवळ आडवी असली की त्या ओढीचा अगदी थोडा भाग वरच्या दिशेला मिळतो आणि वजन पेलण्यासाठी एकूण ओढ भरमसाट वाढवावी लागते. वजन टांगलेली दोरी पूर्ण सरळ राहणे अशक्यच आहे. खुंटी वारंवार उपटत असेल तर मोठी खुंटी आणण्याआधी दोरी सैल करून पाहावी.

देणारा नसलेली बले

भिंतीला चिकटणारा रबरी हुक पोकळीच्या ‘ओढीने’ टिकतो, असे म्हणतात. पण पोकळीत ओढायला असते काय? हुकाला बाहेरची हवा भिंतीवर दाबून धरते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० न्यूटन असतो. ५ सेंटिमीटर व्यासाच्या हुकाचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे आतली हवा पूर्ण निघाली तरी त्याला दाबणारे बल २०० न्यूटनच्या आसपासच असू शकते. कडेने थोडी हवा आत शिरली की तेही कमी होत जाते, आणि खडबडीत भिंतीवर हुक का टिकत नाही हे येथेच कळते. ऑटो फॉन गेरिक यांनी १७व्या शतकात धातूचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढून घेतली, तेव्हा घोड्यांच्या जोड्या लावूनही ते सहजासहजी वेगळे होत नव्हते. ते धरून ठेवणारीही बाहेरची हवाच. नळीने पाणी वर खेचतानाही तेच घडते, म्हणून तोंडाने कितीही जोर लावला तरी पाणी १०.३ मीटरपेक्षा वर चढवता येणार नाही.

वळणावर गाडीतल्या माणसाला बाहेर फेकणारे बल हेही असेच. रस्त्यावर उभ्या असलेल्या निरीक्षकाच्या दृष्टीने माणसाला बाहेर ढकलणारी कोणतीच वस्तू नाही. शरीर सरळ जाऊ पाहते, गाडी त्याच्याखालून वळते आणि दार शेवटी माणसाला आत ढकलते. गाडीला स्वतःला आत वळवणारे बल रस्त्याच्या घर्षणातून येते. २५ मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगासाठी किमान ०.४१ घर्षणांक लागतो. ताशी ५४ किलोमीटर केले तर तो ०.९२ वर जातो. वेग दीडपट, गरज सव्वादोनपट. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरना हे कसेबसे जमेल. ओल्या रस्त्यावर गाडी वळणाबाहेर जाईल.

हवेचा विरोध

वेग वाढला की हवेचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन सारखे कागद घेऊन एक चुरगाळावा आणि दोन्ही एकदम सोडावेत. गुरुत्वाकर्षण दोन्हींवर सारखेच असते, फरक फक्त हवेचा. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले, तेव्हा दोन्ही बरोबरच खाली पोहोचले. पृथ्वीवर मोठा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगावर आला की हवेचा विरोध त्याच्या वजनाएवढा होतो आणि त्यापुढे त्याचा वेग वाढत नाही.

आकडे जुळत नसतील तर

प्रथम ९.८ ने गुणायचे राहिले नाही ना, हे पाहावे. हुकाच्या काट्याने वस्तू ओढून बल मोजले असेल, तर काटा पृष्ठभागाला अगदी समांतर होता का, ते तपासावे, कारण तिरका धरलेला काटा आधारबलही बदलतो. घर्षणाच्या मोजणीत एकाच फळीवर ०.४० आणि ०.४५ असे वेगवेगळे आकडे येणे साहजिक आहे. धूळ, ओल आणि बोटांचा तेलकटपणा यांनी एवढा फरक पडतोच. फळी कोरड्या फडक्याने पुसून वस्तू दर वेळी त्याच जागेवरून घसरू द्यावी आणि अनेक मोजण्यांची सरासरी घ्यावी. मऊ रबर किंवा चिकट पृष्ठभाग असेल तर मात्र घर्षण भाराच्या प्रमाणात असते हा नियमच नीट लागू पडत नाही. तिथे प्रत्यक्ष जेवढा भार पडणार आहे तेवढाच ठेवून स्वतंत्र मोजणी करावी.